डान्स क्लासला नाव घातलंय? मग पहिल्या महिन्यात एवढं सांभाळा

जून लागला की आमच्या क्लासचा फोन वाजायला सुरू होतो. ताई आत शिकवत असतात म्हणून तो फोन माझ्याकडं असतो आणि प्रश्न दरवर्षी तेच, ड्रेस कोणता घेऊ, घुंगरू आजच आणू का, लेकरू रडलं तर मी शेजारी बसू का, दिवाळीपर्यंत स्टेजवर येईल ना. परवा एका आईनं तर सरळच विचारलं, "मॅडम, नुस्तं नाचायला एवढे नियम कामून हो?" प्रश्न काही चुकीचा नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलेलं.

मी लातूरची. लेकीला कथकला घातलं, दोन वर्षं क्लासच्या पायरीवर बसून आतला तत्कार, म्हणजे पाय आपटून धरलेला ताल, ऐकला आणि पस्तिसाव्या वर्षी एक दिवस ताईंनाच विचारलं की माझं पण नाव घालता का. त्यामुळं पालक म्हणून खाल्लेली बोलणी आणि विद्यार्थिनी म्हणून खाल्लेली बोलणी, दोन्ही माझ्या खात्यावर जमा आहेत. त्या हिशोबानं सांगते, क्लासचे बहुतेक नियम दोनच गोष्टींवरून निघालेत, शिकवणाऱ्याला तुमचा गुडघा दिसला पाहिजे आणि तुमचा पाय ऐकू आला पाहिजे. थोडे नियम आदराचे असतात. आणि थोडे त्या त्या क्लासची नुसती सवय असते, ते पाळायचे पण त्याचं लै टेन्शन घ्यायचं नाही. कोणता नियम कशातला हे कळालं की निम्मी भीती जाते.

मी लिहिलंय ते कथकचं. भरतनाट्यमचं कुठं वेगळं आहे ते मधेमधे सांगते. बॉलीवूड, हिपहॉपवाल्यांनी कपड्याचा भाग सोडून वाचलं तरी चालंल, त्यांचं ट्रॅकपँट, टीशर्ट आणि रस्त्यावर न घातलेले स्वच्छ शूज एवढ्यावर भागतंय.

पैसे भरायच्या आधी एकदा नुसतं बघून या

फोन करून वेळ घ्या आणि एक तास बसून क्लास बघा. "बघू देत नाही" म्हणले तर तिथंच विचार करा, कारण ज्या क्लासमध्ये पालकानं एकदा पण डोकावायचं नाही असा नियम आहे तिथं माझं लेकरू मी पाठवणार नाही, मग मॅडम कितीही मोठ्या असोत. रोज बसू देत नाहीत ते वेगळं, त्याला कारण आहे, ते पुढं सांगते.

बसलात की काय बघायचं? आधी फरशी बघा. खाली जमीन समान आहे का, टाइल्स गुळगुळीत-निसरड्या आहेत का, कुठं कोपरा उखडलाय का. शहाबादी फरशी किंवा साधा कोबा असला तरी काही बिघडत नाही पण चकचकीत टाइल्सवर चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना पडणारी लेकरं मी बघितलीत. मग शिकवणारी व्यक्ती मागच्या रांगेपर्यंत जाते का तेवढं बघा. पुढच्या चार हुशार पोरींकडंच बघून शिकवणारे क्लास असतात आणि मागची लेकरं तीन वर्षं हात हलवत उभी राहतात.

आणि विचारायला लाजू नका. शैली कोणती, तुम्ही कुणाकडं शिकलात, परीक्षा कुठली देता, फीशिवाय वर्षात आणखी काय काय खर्च येतो. कथकवाले असतील तर लखनौ, जयपूर, बनारस यातलं कुठलं घराणं ते सांगतील. चांगल्या शिक्षकाला असले प्रश्न आवडतातच, गुरूचं नाव सांगताना त्यांचा हात आदरानं आपोआप कानाच्या पाळीला जातो, तो बघितला की समजा जागा बरोबर सापडली. "एका महिन्यात स्टेजवर उभं करतो" असं कुणी म्हणलं तर उभं करतील पण, फक्त त्याला शिकणं म्हणत नाहीत.

घरी आजोबा-काका म्हणतातच, हे आपल्याकडचं नाही, पुण्या-मुंबईचं फॅड आहे. त्यांना सांगा, संगीतरत्नाकर हा ग्रंथ तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून लिहिला, म्हणजे आपल्या दौलताबादेत, आणि त्याचा सातवा अध्याय अख्खा नाचावर आहे. तेवढ्यावर पटलं नाही तर संभाजीनगरला घेऊन जा, तिथल्या लेण्यांत सात नंबरच्या लेणीत वाजवणाऱ्या बायकांच्या मधोमध एक नाचणारी कोरलेली आहे. मी लेकीला दाखवली तर ती म्हणाली, "आई, हिनं पण गुडघा वाकवलाय." मी पण तेवढंच बघत होते.

कपडे

फोनवर सगळ्यात जास्त घोळ याच्यावर होतो म्हणून सविस्तर सांगते.

कथकला सुती सलवार-कुर्ता किंवा चुडीदार-कुर्ता आणि ओढणी. सुतीच घ्या. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, त्यात पंखा वरून गरम हवा फेकतो आणि लाईट गेली की तेवढी पण नाही, तिथं पॉलिस्टर घालून तासभर तत्कार केला की अंगाला पुरळ उठतंय. कुर्ता गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आणि खालून घेर असलेला, म्हणजे बसता-उठता-फिरता येतं. पायघोळ अनारकली पहिल्या महिन्यात नको, पाय दिसत नाहीत, पाय दिसले नाहीत की चूक दिसत नाही आणि ताई म्हणणार उद्या दुसरा ड्रेस घालून ये. जीन्स तर नकोच. मी पहिल्या दिवशी जीन्सवर कुर्ता घालून गेले होते, म्हणलं आज नुसती ओळख असेल, तर ताईंनी पंधरा मिनिटांत खाली बसून उठायला लावलं आणि मी बसले ती एका हातानं भिंत धरूनच उठले.

लेगिंगवर आखूड टॉप चालतो का असं मुली विचारतात. काही क्लासला चालतो, काहींना अजिबात नाही. माझं मत विचाराल तर तो लाज-शरमेचा प्रश्न नाही, लेगिंग घामानं चिकटते आणि घुंगरूखाली गोळा होते, तेवढ्यासाठी टाळा.

आता ओढणी. डाव्या खांद्यावरून घ्यायची, पुढून आणि मागून तिरकी उजव्या कमरेला आणायची आणि तिथं गाठ मारायची, गाठ बाजूला, पोटावर नाही. काही क्लासला उलट्या बाजूनं बांधतात, समोरची बघून बांधा. खांद्यावर एक पिन लावा आणि ती आतल्या बाजूनं, टोक झाकून. ओढणी मलमलची किंवा साधी सुती, जॉर्जेटची सारखी घसरते आणि मग पोरगी नाच कमी करते आणि ओढणी जास्त सावरते. ताई म्हणतात ओढणी बांधली की हात मोकळे, आणि खरंच, ओढणी न बांधता नुसती गळ्यात टाकून आलेली मुलगी पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येते.

भरतनाट्यमला प्रॅक्टिस साडी असते, पायजम्यावर नेसायची आखूड सुती साडी, नऊवारी-पाचवारी काही नाही. तिथं गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं असतं, त्याला अरमंडी म्हणतात, म्हणून ती साडी घोट्याच्या बरीच वर असते. सुरुवातीला सलवार-कुर्ता चालवून घेतात, साडी कधी आणायची ते शिक्षकच सांगतात, तुम्ही आधीच घेऊन ठेवू नका.

पोरांना कुर्ता-पायजमा, झालं. आणि हो, पोरं येतात. आमच्याकडं तीन आहेत. "पोरगं नाचाला जातंय" म्हणून गल्लीत कुणी हसलं तर त्या पोराच्या बापानं एकदा क्लासला येऊन त्याचे चक्कर मोजावेत.

केस घट्ट बांधा, वेणी किंवा आंबाडा, डोळ्यावर बट नको. वेणी लांब असेल तर दुमडून वर बांधा, चक्कर घेताना लांब वेणी शेजारणीच्या तोंडावर चाबकासारखी बसते, हे मी ऐकून नाही, खाऊन सांगते. नखं कापलेली. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, लोंबते कानातले घरी. पैंजण काढायचे, घुंगराखाली ते रुततात आणि आवाजात आवाज मिसळतो. मोठ्या बायकांसाठी एक खास सूचना, जोडवी. पाय आपटला की जोडवं आधी फरशीवर बसतं आणि मग बोटात. सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी क्लासपुरती काढून रुमालाच्या गाठीत ठेवते आणि मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. वयात आलेल्या मुलींना आतून स्पोर्ट्स ब्रा घ्या, हे कुणी मोकळं बोलत नाही आणि पोरगी उगं खांदे आवळून नाचती, ताई ओरडतात खांदे मोकळे सोड म्हणून, आणि तिला कारण सांगता येत नाही.

टिकली बऱ्याच क्लासला लावायला सांगतात. आमच्या बॅचला एक मुलगी आहे ती टिकली लावत नाही, डोक्याला स्कार्फ बांधते, टाचण्या न लावता मागं गाठ मारून, आणि सुरुवातीला सगळे नमस्कार करतात तेव्हा ती आदाब करते. ताईंनी कधी एक शब्द काढला नाही. कथकात सलामीचा तुकडाच आहे, म्हणजे बोलांवर बसवलेला छोटा नाच, तो ती आमच्या सगळ्यांपेक्षा छान करते. रोजे असतात तेव्हा ती बसून हातानं ताल धरते आणि पढंत करते, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणते. तुमच्या घरच्या अशा काही गोष्टी असतील तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या, मधेच अडचण झाल्यावर नको.

चप्पल, पाय, पाणी

चप्पल दाराबाहेर, रॅकमध्ये, तोंड भिंतीकडं. आत आलात की आधी पाय धुवा नाहीतर ओल्या फडक्यानं पुसा आणि कोरडे करा, ओला पाय घेऊन फरशीवर गेलात तर तुम्ही पडाल किंवा तुमच्या मागची. पाणी मात्र एक मग, फार तर दोन. नवीन आलेल्या बाहेरगावच्या लोकांना हे कंजुषीचं वाटतं. २०१६ च्या एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तो उन्हाळा ज्यांनी काढला ते नळ सोडून पाय धूत बसलेलं लेकरू बघूच शकत नाहीत. प्यायचं पाणी प्रत्येकानं आपापल्या बाटलीत आणायचं, क्लासचा जार आहे तो विसरलेल्यांसाठी, रोज विसरणाऱ्यांसाठी नाही.

खाऊन किती वेळानं यायचं? पोटभर जेवण असेल तर दोन तास मधे जाऊ द्या. संध्याकाळच्या बॅचला थोडी सुशीला (चुरमुऱ्याची), केळ, मूठभर शेंगदाणे, एवढं बास. वडापाव खाऊन आलेलं लेकरू पाचव्या चक्करला पांढरं पडतं.

पहिले पंधरा दिवस तळपाय दुखणार, पोटऱ्या भरून येणार. घरी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसा, रात्री खोबरेल तेल चोळा. दुखणं आणि इजा यात फरक करा. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर बहुतेक सराव आहे, एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल तर ताईंना सांगा आणि बाजूला बसा. सांगितलं तर रागावतील म्हणून तसंच नाचू नका, गुडघे एकदाच मिळतात.

वेळ आणि गंजगोलाई

पाचचा क्लास म्हणजे पाचला रांगेत उभं. त्याआधी दहा मिनिटं येऊन ओढणी, घुंगरू, पाणी हे उरकायचं. आपल्याकडं "निघालोच बगा" म्हणजे माणूस अजून आंघोळीला चाललेला असतो, ती सवय इथं चालत नाही कारण सुरुवातीची दहा मिनिटं अंग मोकळं करायला असतात आणि ती चुकवून थेट पाय मारायला लागलात की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

उशीर झालाच तर कसं आत यायचं हे मात्र शिकून घ्या, कारण नवीन लोकांना हे कुणी सांगत नाही. दार उघडून "मे आय कम इन" करायचं नाही. दाराशी शांत उभं राहायचं. आत तुकडा चालू असतो, तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबला की ताई तुमच्याकडं बघतील, मान हलवतील, मग आत यायचं, जमिनीला नमस्कार करायचा आणि मागच्या रांगेत उभं राहायचं. पुढची तुमची रोजची जागा रिकामी दिसली तरी मागंच.

सम कुठं ते कळंना म्हणाल तर आमच्या लातूरच्या लेकरांना सोपं आहे. तीनताल या तालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, सोळा आणि आपल्या गंजगोलाईच्या गोल बाजाराला येऊन मिळणारे रस्ते पण सोळा. एका रस्त्यापाशी सुरू करा, सोळा रस्ते मोजत गोल फिरा, परत त्याच रस्त्यापाशी आलात की ती सम. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्याला हात उघडा टाकायचा, त्याला खाली म्हणतात. हे घरून पाठ करून आलात तर पहिल्या आठवड्यात ताई तुमचं नाव लक्षात ठेवतील.

आत गेल्यावर

सगळ्यात आधी भूमीला नमस्कार, मग गुरूंना. जमिनीची माफी मागायची, की बाई तुझ्यावर पाय आपटणार आहे. हे आदराचं, यात वाद नको. गुरूंच्या पाया पडायचं की नुसता नमस्कार ते क्लासची पद्धत बघून. हाक ताई, मॅडम, गुरुजी, सर जी तिथं चालते तीच, आणि शिकवणारी मुलगी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असली तरी क्लासच्या उंबऱ्याच्या आत "अहो ताई" आणि "तुम्ही"च. बाहेर भाजी घेताना भेटली की काय म्हणायचं ते तुमचं तुमचं. मी आमच्या ताईंपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, बाहेर त्या मला काकू म्हणतात आणि आत मला ओरडतात, दोन्ही व्यवस्थित चालू आहे.

रांगेत दोन्ही हात आडवे पसरून कुणाला लागणार नाहीत एवढं अंतर. आरशात स्वतःला बघायला मिळावं म्हणून सरकत सरकत मधे येऊ नका. रांगा ताई ठरवतात आणि अधूनमधून बदलतात, आपलं लेकरू मागं गेलं म्हणजे त्याचा अपमान झाला असं नसतंय.

बोल आधी तोंडानं म्हणायचे, हातानं ताल धरून, मगच पायानं. याला पढंत म्हणतात आणि नवीन लोक इथंच लाजतात, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मोठ्यानं म्हणा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिला पाय उजवा, दुसऱ्या वेळी आ ला डावा. चुकलात तर थांबू नका, बोल म्हणत राहा आणि पुढच्या समेला पाय धरा. चुकल्यावर "सॉरी ताई" म्हणून हसणं, जीभ चावणं, शेजारणीकडं बघणं, याचा ताईंना चुकीपेक्षा जास्त राग येतो.

दुसरीची चूक ताई सुधरत असतील तेव्हा तुम्ही पण ऐका. ती सूचना निम्म्या वेळा तुमच्यासाठी पण असते. आणि मैत्रिणीला मधेच शिकवू नका, "अगं तसं नाही असं", क्लासला शिकवणारं माणूस एकच पाहिजे.

मोबाईल सायलेंट करून पिशवीत. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही. ऑडिओला बऱ्याचदा हो म्हणतात, घरी लेहरा, म्हणजे तालाची फिरत राहणारी धून, लावून सराव करायला लागतो म्हणून. व्हिडिओला नाही म्हणले तर वाईट वाटून घेऊ नका, त्या व्हिडिओत दुसऱ्यांची लेकरं असतात आणि अर्धवट बसलेला तुकडा स्टेटसला गेलेला कुठल्याच शिक्षकाला आवडत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. नाच शिकवताना हात लावावा लागतो, कोपर वर कर, पाठ सरळ कर. चांगले शिक्षक आधी विचारतात किंवा स्वतः करून दाखवतात, आणि लावलाच तर कोपराला, मनगटाला, खांद्याला. लेकराला घरून सांगून पाठवा की कुणाचाही स्पर्श नको वाटला तर "नको" म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, गुरू असले तरी. छडीचं पण तेच. भरतनाट्यमला लाकडी ठोकळ्यावर काठी वाजवून ताल देतात, ती काठी ठोकळ्यासाठी असते, पायावर मारायला नसते. "आमच्या वेळी मार खाल्ला म्हणून शिकलो" हे मला अजून पटलेलं नाही.

घुंगरू

पहिल्या दिवशी घुंगरू आणू नका. ताई सांगतील तेव्हा, बहुतेक ठिकाणी पाय जरा वाजायला लागल्यावर, गुरुपौर्णिमेला नाहीतर दसऱ्याला पूजा करून बांधतात. पितळेचे घ्या, एकेक वाजवून बघा, बद्द आवाजाचा बाजूला काढा. लहान लेकरांना एका पायाला २५ ते ५०, मोठ्यांना १०० पर्यंत, एकदम दीडशे घेऊन पाय बांधून घेऊ नका. कथकचे घुंगरू सुती डोरीत ओवलेले असतात, प्रत्येकाला गाठ. भरतनाट्यमला पट्ट्यावर शिवलेले मिळतात. दुकानातले वेल्क्रोचे लाल पट्टे गॅदरिंगपुरते ठीक.

बांधायचे बसून. पाय पुढं घ्या, घोट्याला सुती पट्टी गुंडाळा नाहीतर डोरीनं कातडी सोलते. डोरीचं एक टोक बोटात दाबून धरा, घोट्याच्या हाडाच्या वरून सुरुवात करा आणि एकावर एक वेढे वर वर घेत जा, वेढ्यात बोट शिरू नये पण पायाला मुंग्या पण येऊ नयेत. शेवटी दोन्ही टोकांची गाठ आणि राहिलेलं टोक आत खोचून टाका. बांधायच्या आधी घुंगरू कपाळाला लावतात. एकदा बांधले की उगं छुमछुम करत इकडंतिकडं फिरायचं नाही, ताई बोलत असताना पाय हलला की सगळ्या क्लासला ऐकू जातं.

आणि कुणाचेही घुंगरू ओलांडायचे नाहीत. मी पहिल्याच दिवशी ओलांडले. जमिनीवर कुणाचे तरी ठेवलेले, मी बाजूनं जायचं सोडून वरून पाय टाकला आणि अख्खा क्लास गप्प झाला. एक आठ वर्षांची पोर मला म्हणाली, "काकू, पाया पडा त्यांच्या." मी पडले. हा आदराचा नियम आहेच पण त्याच्या पोटात दुसरा पण आहे, घुंगरावर पाय पडला की घोटा मुरगळतो.

ते मला दुसऱ्या वर्षी कळालं. डोरी एका ठिकाणी विरली होती, मला दिसली होती, म्हणलं कार्यक्रम झाल्यावर बदलू. शेवटच्या तिहाईला, म्हणजे तोच बोल तीनदा म्हणून समेवर येतात तिथं, तुटली. गाठी एकेक सुटत गेल्या आणि घुंगरू स्टेजभर टणटण घरंगळले, माझ्या मागच्या मुलीचा पाय एकावर पडला आणि ती बिचारी तशीच लंगडत समेवर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. तेव्हापासून दर महिन्याला डोरी मांडीवर घेऊन गाठ न् गाठ बोटानं तपासते. क्लासमध्ये एक जरी घुंगरू सुटला तरी लगेच हात वर करा, सगळे थांबतात, तो सापडेपर्यंत कुणी पाय उचलत नाही.

पालकांसाठी थोडं

पहिले दोन-तीन दिवस लेकरू रडत असेल तर दारापाशी बसा. नंतर नको. तुम्ही समोर असलात की लेकरू ताईंकडं बघतच नाही, तुमच्या तोंडाकडं बघतं, आणि तुम्ही लांबून हात वर कर हात वर कर असं खुणावत असता. न्यायला मात्र वेळेवर या. साडेसातला क्लास सुटतो आणि आठपर्यंत ताई एका लेकरापाशी थांबलेल्या असतात, त्यांना पण घर आहे. दुसरं कुणी न्यायला येणार असेल तर आधी फोन करा, ओळख नसलेल्या माणसासोबत आम्ही लेकरू सोडत नाही, मग तो सख्खा मामा का असेना.

पाळी आल्यावर मुलीनं यायचं का, हे दबक्या आवाजात विचारतात. काही क्लासला घुंगरू बांधू नका म्हणतात. आमच्या ताईंचं म्हणणं, पोट दुखत असेल तर बसून पढंत कर, दुखत नसेल तर नाच. विटाळाचं मी मानत नाही, पण तुमच्या क्लासची पद्धत आधी विचारून ठेवा म्हणजे त्या दिवशी पोरीला सगळ्यांसमोर सांगावं लागणार नाही.

फी, सुट्ट्या, परीक्षा

फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही चार दिवस गावाला गेलात म्हणून फी कमी होत नाही, जागेचं भाडं कमी होत नसतंय. ताईंच्या सुट्टीमुळं क्लास बुडाला तर भरून देतात का ते नाव घालतानाच विचारा आणि पावती घ्या. आमच्याकडं येळवसाला, म्हणजे वेळ अमावस्येला, क्लास बंद असतो, त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतंय, फोन करून विचारू पण नका. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम असतात तेव्हा सकाळी लवकर बोलावतात.

परीक्षा बहुतेक ठिकाणी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, त्यापुढं विशारद आणि शेवटी अलंकार. सत्रं दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. फॉर्म त्याच्या बरेच आधी भरावे लागतात. परीक्षेला कधी बसवायचं ते ताईंवर सोडा, शेजारची बसली म्हणून आपली बसवायची नाही. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, सर्टिफिकेटं नीट जपा. फक्त गुणांसाठी आठवीत आणून घालणारे पण येतात. त्यांना आम्ही गोड बोलून सांगतो की तेवढ्या वेळात पाय वाजत नाही.

कार्यक्रमाचा खर्च वेगळा, ड्रेस, मेकअप, कधी हॉलचा वाटा. परवडत नसेल तर ताईंना एकट्यात सांगा. मागच्या बॅचचे ड्रेस क्लासच्या कपाटात असतात, दोन टाके घातले की बसतात, आणि कुणाचा ड्रेस कुणी घातलाय हे स्टेजवरून कुणाच्या बापाला कळत नाही.

थांबायचं झालं तर

हे लातूर आहे. नववी लागली की ट्यूशन एरियातल्या बॅचा सुरू होतात, डॉक्टर करायचंय, आणि पहिलं काय सुटतं तर डान्स. मी भांडत नाही त्याच्यावर, माझी स्वतःची लेक यंदा थांबली. पण अचानक गायब होऊ नका. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडायचं आणि ताई रस्त्यात दिसल्या की गाडी वळवायची, असं दरवर्षी चार-पाच जण करतात. महिनाभर आधी सांगा, राहिलेली फी द्या, लेकराला घेऊन या, नमस्कार करू द्या. आठवड्यातून एक दिवस येऊ का असं विचारून पण बघा, बऱ्याच ताई हो म्हणतात.

घुंगरू ओल्या फडक्यानं न पुसता कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा, ओलीनं पितळ काळं पडतं आणि डोरी कुजते. माझ्या लेकीचे कपाटात वरच्या खणात आहेत. मधे एकदा मी डोरी तपासायला काढले तर आतल्या खोलीतून, पुस्तकातून मान वर न करता, ती म्हणाली, "आई, शेवटची गाठ सैल आहे, आवाजावरून कळायलंय."